उदगीरची जागा

शिरूर, २२ जून २०२५

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे आज काही नाही. आधी मला एवढं सांग, शिरूरच्या भर बाजारात माझा फोटो का लागलाय?

काल मी ज्ञानूभाऊंच्या सायबर कॅफेवर गेले होते. बारावीनंतरचे सगळे फॉर्म आपण तिथेच भरले होते. दुकानात दुपारनंतर ऊन येतं, म्हणून त्यांनी एक जुना फ्लेक्स बाजूच्या जाळीला बांधलाय. वर लिहिलंय, ‘आमच्याकडे फॉर्म भरा, यश तुमचेच’, आणि खाली चोवीस पोरापोरींचे पासपोर्ट फोटो. तिसऱ्या ओळीत मी आहे. दोन वेण्या, भेदरलेले डोळे, बारावीच्या फॉर्मवरचा तोच फोटो. त्याखाली छापलंय, कु. हर्षदा ज्योतिबा टेळे, पशुवैद्यकीय, उदगीर.

मी ज्ञानूभाऊंना म्हटलं, हे चुकून छापलंय, मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते. ते हसायला लागले. म्हणाले, "चुकंल कसं? सरकारी यादी बघून छापतो मी. दुसऱ्या फेरीत नंबर लागला व्हता तुझा. मला वाटलं, गेली आसंल पोरगी उदगीरला." मग त्यांनी कॉम्प्युटरमधून मागच्या वर्षीची यादी काढून दाखवली. माझं नाव, आपला प्रवर्ग, माझे मार्क आणि समोर उदगीर. मी बोट लावून तीन वेळा वाचलं. ज्ञानूभाऊंनी खुर्ची सरकवली आणि पाणी दिलं.

आपल्याकडे पोरीच्या फॉर्मवर पोरीचा नंबर टाकत नाहीत. कॅफेत नंबर गेला की कोण कुठून फोन करील याचा नेम नाही, असं आबा म्हणाले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या फॉर्मवर बापाचा नाहीतर भावाचाच नंबर आहे. म्हणून ओटीपी तुझ्याकडे, मेसेज तुझ्याकडे. मागच्या सप्टेंबरात मी होस्टेलवरून तुला विचारलं होतं, दुसरी यादी लागली का. तू म्हणालास, लागली, पण तुझं नाव नाही, आता इंजिनिअरिंगमध्ये मन लाव. मी यादी उघडूनसुद्धा बघितली नाही. तुझ्या तोंडून ऐकल्यावर आणखी कशाला बघायचं?

आता माझंही एक ऐक. मी इंजिनिअरिंगला परत जाणार नाही. दहापैकी सहा विषय गेलेत, वर्ष वाया गेलंय. मे महिन्यात मी कुणाला न सांगता पुन्हा नीटची परीक्षा दिली. मार्क मागच्या वेळेपेक्षा कमी आहेत. यंदा पेपर अवघड होता, सगळ्यांचेच कमी आहेत म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातं. पशुवैद्यकीयचे फॉर्म सुटले की भरणार आहे. त्यावर नंबर माझा असेल.

सोबत एक अर्ज आहे, इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द करण्याचा. आबा अंगठा देतात म्हणून प्रवेशाच्या वेळी पालक म्हणून तू सही केली होतीस. आता कॉलेजच्या ऑफिसला तीच सही पाहिजे, त्याशिवाय माझे मूळ दाखले सोडणार नाहीत. ते दाखले वेळेत हातात नसले तर यंदा जागा लागूनही उपयोग नाही. तेव्हा सही करून लगेच आत्याच्या पत्त्यावर पाठव.

आणि मागच्या वर्षी मेसेज आला होता का, त्याचं हो किंवा नाही एवढंच लिही.

हर्षदा


शिरूर, ५ जुलै २०२५

दादा,

रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र तुला मिळालंय, पोच माझ्याकडे आली आहे. त्यावर सही तुझीच आहे. म्हणजे पोस्टमनला सही मिळते, मला मिळत नाही. फोन मी चारदा केला, चारही वेळा तू कापलास. आई म्हणते, त्याला कामाचा ताण आहे, तू त्याला छळू नकोस. वर्ष माझं गेलं आणि छळ तुझा होतोय, अजब न्याय आहे.

मी इथे साखरआत्याकडेच आहे. गावी गेले तर आबा विचारतील, कॉलेज कवा सुरू होणार. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ही गोष्ट खरं तर तुझ्याशी समोरासमोर बोलायची होती. पण फोनवर मी रडेन आणि तू गप्प बसशील, त्यापेक्षा कागद बरा.

त्या वर्षाचं तुला कधी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं, केमिकल का घेतलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने इंग्रजीत पाच मिनिटं उत्तर दिलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझा भाऊ कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे. सरांनी विचारलं, कोणत्या पोस्टवर. मी म्हटलं, ऑपरेटर. कुणी हसलं नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. ड्रॉइंगच्या शीटवर रेघा मारायचे आणि खोडायचे. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून काय बोलतात ते मला शेवटपर्यंत उमजलं नाही.

मार्चपासून तर मी कॉलेजला जाणंच सोडलं. सकाळी बॅग घेऊन निघायचे आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात जाऊन बसायचे. लोक म्हशी, शेळ्या, कुत्री घेऊन यायचे. एकदा एका मावशींची शेळी विताना अडली होती. डॉक्टर दुसऱ्या खोलीत होते, मी बाह्या सरसावल्या आणि शेळीला धरून बसले. डॉक्टर आले, त्यांनी माझ्याकडे बघून फक्त "अशीच धरून ठेव" म्हटलं. त्या पूर्ण वर्षात माझं काहीतरी बरोबर आलं ते त्या दिवशी. आणि घरी फोनवर मी सांगत होते, अभ्यास छान चाललाय. तेव्हा लपवण्यात मीही काही कमी नाही, हे कबूल करते. पण मी माझं लपवलं, तुझं नाही.

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मल्हार वाईट न्हाई गं. लहानपणापास्नं मेंढरामागं एकटा चालला, बोलायचंच इसरला." मी म्हटलं, बोलू नको म्हणावं, सही कर म्हणावं. ऑफिसवाल्यांनी जुलैअखेरपर्यंतच मुदत दिली आहे.

हर्षदा


शिरूर, १९ जुलै २०२५

दादा,

मला माफ कर. आधी हेच लिहायचं होतं.

परवा मी कुरकुंभला आले होते. शिरूरहून एसटीने दौंड आणि पुढे वडापच्या जीपने. तुझ्या कंपनीच्या गेटवर दीड तास उभी होते. सिक्युरिटीवाल्याने तीनदा विचारलं, "किससे मिलना है?" आणि तीनदा मी तुझं नाव सांगितलं. पहिली शिफ्ट सुटली, माणसं बाहेर आली, तू आला नाहीस. मग शंभू दिसला. तुझ्या रूमवरचा म्हणून त्याला मी फोटोत बघितलं होतं. तो म्हणाला, मल्हार ओव्हरटाइमला थांबलाय, संध्याकाळपर्यंत काही येत नाही. त्याने मला चहाच्या टपरीवर नेलं आणि मी त्याला सरळच विचारलं, मागच्या सप्टेंबरात मल्हारला काय झालं होतं.

तो बिचारा आठवत आठवत म्हणाला, "त्या टायमाला लय हाल व्हते ताई. पुढच्या पाळीचा रिलिव्हरच यीत नव्हता. सोळा-सोळा तास डबल शिफ्ट मारली आमी. आन् मोबाईल तर गेटवरच जमा, आत घिऊन जाऊ देत न्हाईत, केमिकलचं काम हाय. रूमवर आलं की मढ्यावानी पडायचं, कुठला मोबाईल आन् कुठला मेसेज."

दादा, मी चहा तसाच ठेवला. मला कसं सुचलं नाही हे? मेसेज आला तेव्हा तुझा फोन त्या गेटवरच्या खोक्यात पडून होता. तू बाहेर आलास, वाचलंस, तेव्हा मुदत उलटून गेली होती. आणि मग तू मला सांगणार तरी कसं? सांगितलं असतंस तर मी आकांत केला असता. म्हणून तू म्हणालास, नाव नाही. वर्षभर एकट्याने हे पोटात ठेवलंस आणि मी तुला चोर ठरवून दोन पत्रं लिहिली. कसल्या भाषेत लिहिली, ते आता आठवलं तरी लाज वाटते.

आत्याला सांगितलं तर ती डोळे पुसत म्हणाली, मी म्हटलंच होतं. ती काय म्हणाली होती ते सोड, पण तिलाही बरं वाटलं. काल मी पहिल्यांदा पोटभर जेवले. इतके दिवस मला जागा गेल्याचं दुःख होतं असं वाटत होतं, पण ते तसं नव्हतं. तू मला फसवलंस, हे मला सोसत नव्हतं. वर्षाचं काय, पुन्हा देता येतं.

तेव्हा आता मान खाली घालून बसू नकोस. जे झालं ते रिलिव्हरने केलं, त्याला दोघं मिळून शिव्या घालू. अर्ज हरवला असेल तर म्हणून दुसरा जोडलाय. सही कर आणि पाठव, आणि जमलं तर दोन ओळी लिही. चुकीच्या शुद्धलेखनाला मी हसणार नाही. थोडी हसेन.

तुझी हर्षी


शिरूर, ४ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं पाकीट तीस तारखेला आलं. सही बघून मी एवढी खूश झाले की आतला दुसरा कागद बघितलाच नाही. अर्ज घेऊन तशीच पुण्याला गेले, शेवटच्या दिवशी तो दिला, दाखले घेतले. परतीच्या एसटीत पाकीट उघडलं, दाखले त्यात ठेवावेत म्हणून, तेव्हा तुझं पत्र हाताला लागलं.

तू काय लिहिलंयस ते तुला माहीत आहे. तरी मी इथे उतरवते. कारण पाच दिवस झाले, मला अजून वाटतंय की मी काहीतरी चुकीचं वाचलं.

"हर्षे, शंभू बोलला ते खरं हाय, पण ती डबल शिफ्ट आधल्या हप्त्यातली. मेसेज आला तवा माझी सुट्टी व्हती. मी रूमवर व्हतो. चार येळा वाचला. चार दिस व्हते हातात. आमच्या कंपनीत एक इंजिनिअर म्याडम हाय, पांढरं हेल्मेट. ती आली की आमचा सुपरवायझर उठून उभा ऱ्हातो. मला वाटलं, आपली हर्षी आशी यावी. मी सात वर्सं मेंढरामागं चाललो, शाळा सुटली. कोकणात पावसात मेंढरं मेली, ती वढून टाकली मी, दहा वर्साचा व्हतो. त्या वासातनं आपल्या घरातलं एक मानूस तरी सुटावं. तू पुन्यांदा त्याच्यातच जायला निघालेली. तुझ्या माफीचं पत्र वाचलं. ते मला पचंना. म्हनून लिवलं. मेसेज म्या काढून टाकला न्हाई, आजून फोनमदी हाय. मल्हार."

एसटीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुणी गेलं का बाळा. मी नाही म्हटलं.

चार दिवस, दादा. चुकून नाही, थकून नाही. चार सकाळी तू उठलास, चहा प्यायलास, आणि चारही दिवस तुला माहीत होतं. मला तर तिसऱ्या दिवशी तू फोन केला होतास, विचारलं होतंस, मेसचं जेवण कसं आहे. मी भाजीची तक्रार केली आणि तू हसलास. ते हसणं आता मला आठवतं.

खरं सांगू? मला आधी राग आला तो तू खरं बोललास याचा. शंभूची गोष्ट चांगली होती. मी ती घेऊन आयुष्यभर राहिले असते, तुला भाऊबीजेला ओवाळलं असतं, पोरांना सांगितलं असतं की मामा सोळा तास राबत होता. तू सही करून गप्प बसला असतास तरी काम झालं असतं. मी तुला माफ करून मोकळी झाले होते आणि ती माफी भलत्याच माणसाला गेली. आता ती परतही घेता येत नाही आणि तुला ठेवही म्हणवत नाही.

ती मेलेली मेंढरं तू ओढलीस हे मला माहीत नव्हतं. आबांनी कळप विकला तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्या वाट्याला फक्त दारातल्या पाच मेंढ्या आल्या आणि पाडव्याला त्यांना ओवाळणं आलं. त्या दिवशी तू दरवर्षी ड्युटी का लावून घेतोस हे आता समजलं. तुला जो वास नको झालाय, त्यात मी वाढले आणि मला तो आवडतो. पण दादा, ती मेंढरं मेली तेव्हा एक डॉक्टर असता तर? हा विचार त्या चार दिवसांत एकदाही तुझ्या मनात आला नाही का?

तुला मी उत्तर मागत नाही. सध्या पत्र लिहू नकोस.

हर्षदा


उदगीर, ११ ऑक्टोबर २०२५

दादा,

वर गावाचं नाव वाचलंस ना, तेच खरं आहे. दुसऱ्या यादीत माझा नंबर लागला, उदगीरलाच. एक तारखेला मी हजर झाले. इंजिनिअरिंग सुटलं, आता साडेपाच वर्षं ही डिग्री.

हजर व्हायची मुदत सहा दिवसांची होती आणि ती कधीच संपली. तुला मुद्दाम कळवलं नाही. आई-आबांनाही बजावलं होतं, मल्हारला एक शब्द बोलायचा नाही. आई रडली. म्हणाली, "आगं, सख्खा भाऊ हाय तुझा." मी म्हटलं, म्हणूनच. त्या दिवसांत तुझा मिस्ड कॉल येऊन गेला. मी फोन हातात धरून बसले आणि वाजू दिला. एवढं सोपं असतं हे? नुसतं काही करायचं नाही, बस्स. मला वाटायचं, असं करायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं. माझं काही तसं नाही, तरी मी केलं.

सोडायला आबा आले होते. कॉलेजच्या गोठ्यात मेंढ्या बघितल्या आणि थेट आत शिरले, एकीचा ओठ वर करून दात बघितले आणि सरांना तिचं वय सांगितलं. सरांनी रजिस्टर काढून बघितलं आणि हसून मान डोलावली. आबा दिवसभर ताठ चालत होते. तू असायला हवा होतास असं त्या क्षणी मला वाटलं, ते लिहिते, कारण ते खरं आहे.

पण आज पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. काल जे झालं त्याने मी अजून सावरलेले नाही.

इथे दुसऱ्या वर्षाला करिश्मा म्हणून एक मुलगी आहे, पाथर्डीकडची, आपल्यातलीच. गावाकडचं बोलणं ऐकून तीच आपण होऊन माझ्याकडे आली. पुस्तकं दिली, मेसमध्ये शेजारी बसवते, कुठल्या सरांना काय विचारलेलं चालतं ते सांगते. काल जेवताना मी सहज म्हटलं, तुला कितव्या फेरीत मिळालं. ती म्हणाली, "शेवटच्या. मी तर आशाच सोडली व्हती गं, बापानं स्थळं बघायला सुरुवात केलती. आन् आपल्या प्रवर्गातली मुलींची एकच जागा मोकळी ऱ्हायली, दुसऱ्या फेरीतली कोण पोरगी हजरच झाली न्हाई. ती मला मिळाली." मग ती हसत म्हणाली, "माझी आई आजून रोज सांजच्याला दिवा लावती तवा मागती, जिनं ती जागा सोडली त्या लेकराचं भलं कर. नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई, तरी रोज."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती विचारत होती, काय झालं, तिखट लागलं का. मी हो म्हटलं आणि पाणी प्यायले. ती पोरगी मी, हे मी तिला सांगितलं नाही, आणि कधी सांगेन असंही वाटत नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकच दिसत होतं, मी वेळेवर आले असते तर आज ही कुणाच्या तरी घरी भाकरी थापत असती. मला तिचा हेवा वाटला, तिच्याबद्दल मायाही वाटली, आणि एका ताटावर बसून दोन्ही एकदम वाटतं हे मला माहीत नव्हतं.

रात्रभर विचार केला. तुला हे न सांगणं सोपं होतं, कसं करायचं ते आता मला येतं. पण हा निरोप मी दाबून ठेवणार नाही.

दादा, ती जागा मी सोडली नव्हती. तू सोडलीस. म्हणजे ती बाई वर्षभर रोज दिव्यापुढे हात जोडून भलं मागते आहे, ते तुझं.

हर्षदा